चर्चिलच्या खाडीतले बेलुगा: पाण्याखालच्या थेट कॅमेऱ्याचे परीक्षण

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर, चर्चिल हे जेमतेम हजारभर वस्तीचे गाव आहे. तिथे जायला रस्ता नाही. विनिपेगहून एकतर विमानाने जायचे किंवा सुमारे सतराशे किलोमीटरचा, दोन दिवसांचा रेल्वे प्रवास करायचा. या गावाजवळ चर्चिल नदी समुद्राला मिळते आणि बर्फ वितळल्यावर, म्हणजे जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत, तिच्या खाडीत हजारो बेलुगा देवमासे येतात. त्यांच्यामध्ये फिरणाऱ्या एका छोट्या नौकेच्या तळाशी पाण्याखालचा कॅमेरा लावलेला असतो आणि त्यातले दृश्य ‘एक्सप्लोर डॉट ऑर्ग’ या संकेतस्थळावर थेट दिसते. ॲनेनबर्ग फाउंडेशनच्या पैशावर चालणारे हे संकेतस्थळ आणि ध्रुवीय अस्वलांसाठी काम करणारी ‘पोलर बेअर्स इंटरनॅशनल’ ही संस्था मिळून हा उपक्रम चालवतात. पाहण्यासाठी शुल्क नाही, वर्गणी नाही, नाव नोंदवण्याचीही सक्ती नाही. समुद्राखालचे थेट प्रक्षेपण म्हणून आज जे काही उपलब्ध आहे, त्यात मी याला सर्वांत वरचे स्थान देईन. ते का, हे सांगताना या सेवेच्या मर्यादाही सांगाव्या लागतील, कारण त्या ठाऊक नसलेला प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांतच खिडकी बंद करून उठण्याची शक्यता फार आहे.

पहिल्या दहा मिनिटांत बहुधा काहीच दिसत नाही. पडद्यावर हिरवट-तपकिरी पाणी असते, त्यात तरंगणारे बारीक कण असतात आणि अधूनमधून वरून येणारा प्रकाशाचा पट्टा हलतो. चर्चिल नदी जंगलांतून आणि दलदलीच्या प्रदेशातून येते, तेव्हा झाडपाल्याचा रंग तिच्या पाण्यात उतरलेला असतो. खाडीत तो खाऱ्या पाण्यात मिसळतो आणि दृश्यता काही मीटरांवर येते. उष्ण कटिबंधातल्या प्रवाळांवर घेतलेल्या निळ्याशार चित्रफितींची सवय असलेल्या डोळ्यांना हे पाणी निराश करते. पण याच पाण्यात एकाएकी एक फिकट ठिपका उमटतो, तो मोठा होत जातो आणि काही क्षणांत साडेतीन-चार मीटर लांबीचा पांढरा प्राणी कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावरून जातो. दुरून येताना दिसत नसल्यामुळे तो प्रत्येक वेळी अचानक येतो. गढूळपणामुळे या प्रक्षेपणाचे जे नुकसान होते, त्यापेक्षा जास्त त्याला मिळते, असे माझे मत झाले आहे.

बेलुगा नौकेच्या मागे स्वतःहून येतात, ही या कॅमेऱ्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. नौका संथ चालवली जाते, कधी नुसतीच प्रवाहाबरोबर सोडून दिली जाते, आणि प्राणी आपापल्या मर्जीने जवळ येतात. इतर बहुतेक देवमाशांत मानेचे मणके एकमेकांना जुळलेले असतात. बेलुगाचे ते सुटे असल्यामुळे त्याला मान वळवता येते. याचा अर्थ काय, हे या कॅमेऱ्यासमोर कळते. प्राणी पुढे निघून जातो, आणि गेल्यावर मान वाकडी करून मागे पाहतो. काही जण उलटे होऊन, पोट वर करून, कॅमेऱ्याच्या खालून पोहतात आणि त्या अवस्थेतही डोळा कॅमेऱ्यावरच असतो. त्यांच्या कपाळावरचा मेदाचा उंचवटा आवाजाची दिशा साधण्याच्या कामी येतो आणि त्याचा आकार बदलू शकतो. प्राणी समोरून येत असताना तो पुढे ढकलला गेलेला, मग सपाट झालेला स्पष्ट दिसतो. पुस्तकातल्या आकृतीवरून ही गोष्ट मला कधीच नीट समजली नव्हती.

माता आणि पिल्लांची दृश्ये पाहण्यासाठी जुलैचा मध्य ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा हा काळ मी सुचवेन. नवजात पिल्लू सुमारे दीड मीटर लांब आणि गडद करड्या रंगाचे असते; पूर्ण पांढरे व्हायला त्याला बरीच वर्षे लागतात, म्हणून एकाच कळपात करड्या रंगाच्या सगळ्या छटा दिसतात. पिल्लू आईच्या कुशीला, तिच्या पाठीच्या मधल्या भागाच्या किंचित मागे, अगदी चिकटून पोहते. तिथे पाण्याचा जो ओढा तयार होतो, त्यात त्याला शेपटी कमी मारावी लागते. कॅमेरा जवळ असल्यामुळे हे मोजता येण्याइतके ठळक दिसते: आई संथपणे शेपूट हलवत असते, पिल्लू तीन-चार वेळा घाईने हलवते आणि मग काही अंतर नुसते वाहत जाते. नौकेच्या बाजूने जाताना बऱ्याचदा आई मध्ये असते आणि पिल्लू पलीकडच्या बाजूला. मग ते आईच्या पोटाखालून डोके काढून पाहते.

हे प्राणी या खाडीत येतात तरी कशासाठी, याचे एक उत्तरही पडद्यावर पाहायला मिळते. नदीचे पाणी उपसागराच्या पाण्यापेक्षा उबदार असते आणि अशा उथळ, उबदार पाण्यात बेलुगा कात टाकतात. हिवाळाभर जुनी झालेली त्यांची त्वचा पिवळसर पडलेली असते. ती सैल करण्यासाठी ते तळाच्या वाळूवर आणि गोट्यांवर अंग घासतात. मोसमाच्या सुरुवातीला पाठीवर पिवळट चट्टे आणि सुटत आलेले पापुद्रे घेऊन फिरणारे प्राणी दिसतात, तर ऑगस्टमध्ये तेच अंग चकचकीत पांढरे झालेले असते. याशिवाय उथळ पाण्यात ओर्का या शिकारी सागरी प्राण्यांपासून थोडा आडोसा मिळतो आणि खायला केपलिन हे छोटे मासे मिळतात. हडसन उपसागराच्या पश्चिम भागात उन्हाळा घालवणाऱ्या बेलुगांची संख्या सुमारे ५५ हजार आहे आणि जगातल्या मोठ्या बेलुगा समूहांपैकी हा एक आहे. त्यांतले काही हजार चर्चिलच्या खाडीत उतरतात. या प्राण्यांची इथे विसाव्या शतकातही व्यापारी शिकार होत असे. ज्या खाडीत त्यांना तेलासाठी मारले गेले, तिथेच ते आज माणसाच्या नौकेजवळ येतात, हे पाहताना मन भरून येते, आणि हे मी मोकळेपणाने नोंदवतो.

आता आवाजाविषयी, कारण माझ्या मते या सेवेचा अर्धा आनंद त्यात आहे. कॅमेऱ्याबरोबर पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा ध्वनिग्राहक, सोडलेला असतो. बेलुगा हे अतिशय बोलके देवमासे आहेत. जुन्या काळच्या दर्यावर्दींना त्यांचे आवाज जहाजाच्या तळातून ऐकू येत. शिट्ट्या, किलबिल, जलद टकटक, तेल न घातलेल्या बिजागरीसारखी करकर असे कितीतरी प्रकार एकमेकांत मिसळून येतात. टकटक जेव्हा वेगाने वाढत जाऊन एकसलग घरघरीत बदलते, तेव्हा कोणीतरी ध्वनीच्या साहाय्याने कॅमेराच तपासत असते आणि बहुधा पुढच्या काही क्षणांत तो प्राणी पडद्यावर येतो. हे एकदा लक्षात आले की गढूळ पाण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. पडदा रिकामा असतानाही आजूबाजूला किती हालचाल आहे हे कानांना कळत असते, आणि आवाज वाढला की डोळे आपोआप पडद्याकडे वळतात. त्यामुळे हे प्रक्षेपण फोनच्या स्पीकरवर ऐकू नये. साधे का होईना, पण कानात घालायचे इअरफोन लावावेत. खालच्या पट्टीतले आवाज त्याशिवाय हरवतात. नौकेचे इंजिन सुरू असताना हे सगळे आवाज दबून जातात आणि इंजिन बंद होताच पुन्हा उमटतात. जहाजांच्या गोंगाटाचा सागरी प्राण्यांवर काय परिणाम होत असेल, ते समजून घ्यायला हा अनुभव पुरेसा आहे.

महाराष्ट्रातून पाहणाऱ्यांसाठी वेळेचे गणित थोडे सविस्तर सांगतो, कारण याची माहिती एका ठिकाणी मिळत नाही. उन्हाळ्यात चर्चिलची वेळ भारतापेक्षा साडेदहा तासांनी मागे असते. तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. तिथली दुपारची चार म्हणजे आपली मध्यरात्रीनंतरची अडीच. नौका दिवसभर पाण्यात नसते. भरतीच्या पाण्याबरोबर बेलुगा नदीत आत शिरतात, म्हणून नौकाही भरतीच्या आगेमागे काही तासच निघते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. परिणामी काही दिवस प्रक्षेपण आपल्या संध्याकाळी आणि जेवणाच्या वेळी येते, मग ते रात्री उशिरा सरकते, आणि काही दिवसांनी दिवसातली दुसरी भरती सकाळच्या वेळेत आली की पुन्हा आपल्या सोयीचे होते. चर्चिलचे भरती-ओहोटीचे तक्ते इंटरनेटवर सहज मिळतात. ते पाहून सकाळच्या भरतीचे दिवस आधीच खुणा करून ठेवावेत, म्हणजे रोज नशिबावर विसंबावे लागत नाही. वारा जास्त असेल किंवा धुके असेल तर नौका निघत नाही आणि तसे दिवस सलगही येतात.

नौका पाण्यात नसताना त्याच पानावर आधी टिपलेली दृश्ये दाखवली जातात. खिडकीवर थेट प्रक्षेपणाची खूण आहे की जुन्या दृश्यांची, हे आधी पाहून घ्यावे. जुनी दृश्ये निवडक असल्याने त्यांत बेलुगांची गर्दी असते आणि लहान मुलांना आधी तीच दाखवावीत, असे मी सुचवेन. मात्र थेट पाहण्याची गोडी त्यांत नाही. पुढच्या क्षणी काय येईल हे नौकेवरच्या माणसांनाही ठाऊक नसते, आणि पाहणाऱ्याला ते जाणवत राहते. कधीकधी नौका चालवणारे किंवा सोबतचे संशोधक बोलतात, प्रेक्षकांनी लिहिलेल्या प्रश्नांना उत्तरे देतात. हे सगळे इंग्रजीत असते. इंग्रजी नीट न समजणाऱ्या आजी-आजोबांना शेजारी बसून सांगावे लागते, पण प्राणी पाहायला भाषा लागत नाही. नौकेच्या वरच्या बाजूलाही एक कॅमेरा असतो आणि त्याचे पान वेगळे आहे. सुरुवात त्यापासून करावी. नदीचे पात्र किती रुंद आहे, समोरचा किनारा कसा उघडाबोडका आहे, पाण्यावर पांढऱ्या पाठी किती दूरवर उमटताहेत, याचा अंदाज आला की पाण्याखालच्या चौकटीत आपण कुठे आहोत ते कळते.

तांत्रिक बाजू थोडक्यात. चित्राचा दर्जा चांगला आहे. चालत्या नौकेवरून बिनतारी यंत्रणेने किनाऱ्यावर आणि तिथून जगभर जाणारे हे चित्र मधूनच अडखळते, पण ते क्षम्य मानावे. चांगल्या दर्जाने पाहिल्यास तासाभरात एक जीबीच्या पुढे डेटा खर्च होतो, तेव्हा मोबाइलच्या पॅकवर पाहणाऱ्यांनी दर्जा कमी करून घ्यावा. मोबाइलच्या पडद्यावर पाहिले तर गढूळ पाण्यातल्या फिकट आकृत्या निसटतात. शक्य असल्यास लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर, खोलीतला दिवा मंद करून पाहावे.

या सेवेची तुलना करायची झाल्यास दोन कॅमेरे डोळ्यांसमोर येतात. एक ब्रिटिश कोलंबियाच्या जॉन्स्टन सामुद्रधुनीतला. तिथल्या हॅन्सन बेटावर १९७० पासून ‘ओर्कालॅब’ हे संशोधन केंद्र चालते आणि ओर्का ज्या किनाऱ्याच्या गुळगुळीत गोट्यांवर अंग घासायला येतात, तिथे पाण्याखाली कॅमेरा बसवलेला आहे. तो स्थिर आहे; ओर्का येतात तेव्हाचे दृश्य विलक्षण असते, परंतु त्यासाठी तासन्‌तास आणि कधी कित्येक दिवस वाट पाहावी लागते. दुसरा कॅलिफोर्नियाच्या चॅनल आयलंड्स राष्ट्रीय उद्यानातला, अॅनाकापा बेटाजवळच्या केल्प या उंच सागरी शैवालांच्या वनातला. तिथे नारिंगी गॅरिबाल्डी मासे कायम दिसतात, रंगही सुंदर आहेत, पण घटना फारशा घडत नाहीत. काम करताना बाजूला लावून ठेवायला तो उत्तम. चर्चिलचा कॅमेरा हलता असल्याने आणि प्राणी नौकेकडे ओढले जात असल्याने, वाट पाहण्याचा काळ आणि पाहायला मिळणारे दृश्य यांचे प्रमाण इथे सर्वांत चांगले आहे.

आणि इथे प्रेक्षकाला करण्यासारखे काम आहे. मला ही सेवा इतरांपेक्षा वेगळी वाटते ती मुख्यतः यामुळे. विनिपेगच्या ‘असिनिबोइन पार्क झू’चे संशोधक ‘बेलुगा बिट्स’ हा प्रकल्प चालवतात. नौकेच्या कॅमेऱ्यातून मिळालेली स्थिरचित्रे ‘झूनिव्हर्स’ या नागरिक-विज्ञानाच्या संकेतस्थळावर ठेवली जातात आणि जगभरातले स्वयंसेवक ती एकेक करून तपासतात. चित्रात बेलुगा आहे का, किती आहेत, पिल्लू आहे की प्रौढ, पोटाची बाजू दिसते का, अंगावर व्रण किंवा खुणा आहेत का, असे साधे प्रश्न असतात. पोटाची बाजू दिसली तर नर की मादी हे ओळखता येते. व्रणांवरून तोच प्राणी पुढच्या वर्षी परतला का, हे सांगता येते. बेलुगा उलटे होऊन कॅमेऱ्याखालून पोहतात हे वर सांगितले. आपल्याला जो खेळ वाटतो, तोच संशोधकांना हवा असलेला कोन असतो. शिवाय प्राण्याला पकडावे लागत नाही, टोचावे लागत नाही, त्याच्या अंगावर काही चिकटवावे लागत नाही. याच चित्रांमध्ये स्वयंसेवकांना जेलीफिशही दिसू लागले आणि त्यांचीही नोंद होऊ लागली. शाळेतल्या मुलांना हे काम जमते. एक चित्र तपासायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि एकच चित्र अनेकांकडून तपासून घेतले जात असल्याने एखाद्याच्या चुकीने नोंद बिघडत नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे जरूर करून पाहावे.

प्राण्यांना बंदिस्त ठेवण्याच्या प्रश्नाशीही या कॅमेऱ्याचा संबंध आहे. बेलुगा दिसायला आकर्षक आणि शिकवायला सोपा, म्हणून जगभरच्या मत्स्यालयांनी तो दशकानुदशके टाक्यांत ठेवला. कॅनडाने २०१९ साली कायदा करून देवमासे आणि डॉल्फिन यांना मनोरंजनासाठी पाळण्यावर बंदी आणली. भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने त्याआधीच, २०१३ साली, डॉल्फिनेरियमला परवानगी न देण्याची भूमिका घेतली होती. मग लोकांनी हे प्राणी पाहायचे कसे, हा प्रश्न त्या वेळी गंभीरपणे विचारला गेला होता. या कॅमेऱ्याइतके चांगले उत्तर मला माहीत नाही. टाकीतला बेलुगा काचेशी येतो कारण त्याला जायला दुसरी जागा नसते. इथला येतो तेव्हा पूर्ण हडसन उपसागर त्याच्या मागे मोकळा असतो. नौका त्यांच्यात जाते म्हणजे त्यांना त्रास होतो का, हा आक्षेप रास्त आहे. कॅनडाने २०१८ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांपासून नौकांनी राखायच्या अंतराचे नियम कडक केले, ते याच काळजीपोटी. माझ्या समजुतीप्रमाणे एका संथ नौकेमुळे हजारो घरांत हे दृश्य पोहोचत असेल आणि त्यातून संशोधनही होत असेल, तर तो व्यवहार प्राण्यांच्या हिताचा आहे.

कोकण किनाऱ्यासाठी असे काही करता येईल का, असा विचार हे पाहताना येतोच. आपल्याकडे किनाऱ्यालगत हंपबॅक डॉल्फिन आहेत, मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात, अँग्रिया बँक या पाण्याखालच्या पठारावर, प्रवाळ आहेत. आपल्या खाड्यांचे पाणी चर्चिलपेक्षाही गढूळ असल्याने पाण्याखालचे चित्र फारसे हाती लागणार नाही. पण एखाद्या खाडीच्या मुखाशी नुसता हायड्रोफोन बसवून डॉल्फिनचे आवाज लोकांना थेट ऐकवता आले, तर त्याचा खर्चही कॅमेऱ्यापेक्षा कमी येईल आणि मच्छीमारांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सर्वांना तो ऐकता येईल. सध्या मात्र, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपली मासेमारी बंद असते, तारकर्लीचे स्कूबा डायव्हिंग थांबलेले असते आणि समुद्र खवळलेला असतो, नेमक्या त्या दिवसांत चर्चिलचा मोसम भरात येतो, ही इथल्या समुद्रप्रेमींसाठी सोयीची गोष्ट आहे.

पाचपैकी साडेचार गुण मी देईन. अर्धा कापतो तो प्रक्षेपणाच्या वेळा दूरदेशीच्या प्रेक्षकाला स्वतः शोधाव्या लागतात म्हणून. थोडा धीर असलेल्या कोणालाही मी याची शिफारस करेन. सतत काहीतरी घडत राहावे अशी अपेक्षा असणाऱ्यांनी निवडक दृश्यांवर समाधान मानावे. ऑगस्ट संपता संपता बेलुगा खाडी सोडू लागतात आणि हिवाळ्यासाठी हडसन सामुद्रधुनीकडे निघतात, नौकाही पाण्याबाहेर काढली जाते. त्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच संकेतस्थळावर चर्चिलच्या किनाऱ्यावर बर्फ गोठण्याची वाट पाहणारी ध्रुवीय अस्वले दिसतात. ज्यांना बेलुगाच हवे आहेत, त्यांनी तोवर ‘बेलुगा बिट्स’वर साठलेली चित्रे तपासायला घ्यावीत.